‘इव्हनिंग स्टार’च्या मागे कोणती मालगाडी लावावी?

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. आपल्याकडे ब्रिटिश रेल्वेच्या ९एफ वर्गातील वाफेच्या इंजिनाची ओओ मापाची (४ मिलिमीटरला १ फूट, म्हणजे साधारण १:७६) वापरलेली प्रतिकृती आली आहे. इंजिन हिरवे आहे, त्यावर ९२२२० हा क्रमांक आणि ‘इव्हनिंग स्टार’ हे नाव आहे, आणि आपल्याला ते ८ फूट बाय ४ फूट फळीवर मालगाडीसह चालवायचे आहे. मालगाडीच्या इंजिनाला प्रवासी गाडीचा रंग कसा, त्यामागे कोणत्या आणि किती वाघिणी शोभतील, क्रमांक बदलून त्याच वर्गातले दुसरे इंजिन करता येईल का, आणि थोडासा चढ दिला तरी ते जागच्या जागी चाके का फिरवते, असे चार उपप्रश्न आपण विचारले आहेत. चौथ्याचे उत्तर पूर्णपणे यांत्रिक आहे. ते शेवटी देतो. पहिले तिन्ही मात्र एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण ९एफ वर्गातील कोणत्याही इंजिनाचा क्रमांक, त्याचे धुराडे, त्याचा टेंडर (इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा) आणि त्यामागची वाघिण या चार गोष्टी प्रत्यक्षात एकमेकींपासून सुट्या नव्हत्या. मालाने इंजिन ठरवले होते. प्रतिकृतीच्या बाबतीतही तोच क्रम ठेवावा, असे माझे मत आहे: आधी माल ठरवावा, मग क्रमांक.

राष्ट्रीयीकरणानंतर अभियंते रॉबर्ट रिडल्स यांच्या देखरेखीखाली ब्रिटिश रेल्वेने वाफेच्या इंजिनांचे १२ प्रमाणित वर्ग तयार केले, त्यातला ९एफ हा सर्वांत शेवटचा आणि बहुतेक जाणकारांच्या मते सर्वांत यशस्वी. सविस्तर आराखडे ब्रायटनच्या कार्यालयात झाले. पहिले इंजिन, क्रमांक ९२०००, क्रू येथील कारखान्यातून जानेवारी १९५४ मध्ये बाहेर पडले आणि शेवटचे स्विंडनच्या कारखान्यातून मार्च १९६० मध्ये. एकूण २५१ इंजिने बांधली गेली: १९८ क्रू येथे, ५३ स्विंडन येथे. सुरुवातीचा विचार चार जोड्या जोडचाके (दांड्यांनी एकमेकांना जोडलेली, गाडी ओढणारी चाके) आणि मागे एक आधारचाकाची जोडी अशा रचनेचा होता. परंतु युद्धकाळात रिडल्स यांनीच लष्करासाठी पाच जोड्यांची इंजिने बांधून घेतली होती आणि अवजड माल ओढताना रुळावरची पकड किती मोलाची असते, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. म्हणून त्यांनी पाच जोड्या घेतल्या. त्यामुळे इंजिनाचे ८६ टनांहून अधिक वजन अशा रीतीने वाटले गेले की, कोणत्याही आसावर सुमारे साडेपंधरा टनांपेक्षा जास्त भार येत नव्हता आणि तरीही सुमारे साडेसत्त्याहत्तर टन वजन रूळ धरून ठेवायला उपयोगी पडत होते. ब्रिटनच्या दुय्यम मार्गांवरही हे इंजिन जाऊ शकले, ते यामुळेच.

त्याच काळात भारताने नेमका उलटा निर्णय घेतला, हे येथे आवर्जून सांगण्यासारखे आहे. आपल्या ब्रॉडगेजच्या ‘डब्ल्यूजी’ मालगाडी इंजिनाला चारच जोड्या जोडचाके होती आणि आसभार साडेअठरा टनांचा होता. ओढशक्ती मात्र ९एफच्या अगदी जवळपास. चित्तरंजन कारखान्याचे १९५० मधले पहिले इंजिन ‘देशबंधु’ हे याच वर्गातले. रुंद मार्ग आणि वजनदार रूळ असतील तर पाचवी जोडी लागत नाही, एवढाच याचा अर्थ. आपल्याकडच्या वाचकाला ९एफचा तो लांबलचक चाकांचा ताफा नवलाचा वाटतो, त्याचे कारण हे आहे.

पाच जोड्यांचा प्रश्न वळणावर येतो. पहिल्या आणि पाचव्या जोडीच्या आसांमधील अंतर २१ फूट ८ इंच होते. एवढी लांब ताठ चौकट वळणात अडकू नये म्हणून मधल्या, म्हणजे तिसऱ्या, जोडीच्या चाकांना कडा ठेवलेलीच नव्हती. प्रतिकृतीत मधली चाके गुळगुळीत दिसतात तो कारखान्याचा आळस नव्हे, ती मूळ इंजिनाशी इमानदारी आहे. मात्र प्रतिकृतीला मूळ इंजिनापेक्षा कितीतरी कठीण परीक्षा द्यावी लागते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणाला ७६ ने गुणले तर सुमारे ३३ मीटर होतात. एवढ्या तीव्र वळणावर खरे ९एफ उभेसुद्धा राहिले नसते. प्रतिकृती तिथून जाते, ती आसांना दिलेल्या आडव्या मोकळीकीमुळे. आपल्या ४ फूट रुंद फळीवर ५०५ मिलिमीटर त्रिज्येचे वळण आरामात बसते. शक्य असेल तर तेच घ्यावे. त्याने इंजिन रुळावरून घसरण्याचे प्रमाण तर घटतेच, शिवाय मधली चाके वळणात रुळाच्या बाहेर लटकलेली दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. रुंद अग्निपेटी ५ फूट व्यासाच्या चाकांच्या वर बसवावी लागल्याने बॉयलर पुष्कळ उंच गेला, आणि त्याच्याखाली चौकटीच्या वर आरपार उजेड दिसू लागला. ब्रिटिश रेल्वेशौकिनांनी या इंजिनाला ‘स्पेसशिप’ म्हटले. जुन्या प्रतिकृतींत ही पोकळी धातूच्या ठोकळ्याने किंवा प्लॅस्टिकने भरलेली असते. आपल्या इंजिनात ती कशी आहे ते बाजूने पाहिलेत, तर प्रतिकृती किती जुनी आहे याचा पहिला अंदाज मिळेल.

आता रंगाविषयी. ९एफ वर्गातील २५१ पैकी २५० इंजिने काळी होती, पट्टे किंवा रेघा नसलेली. ९२२२० हे ब्रिटिश रेल्वेसाठी बांधलेले शेवटचे वाफेचे इंजिन असल्याने स्विंडनच्या लोकांनी त्याला रेघांसह गडद हिरवा रंग, धुराड्याला तांब्याची कडा आणि नाव दिले. १८ मार्च १९६० रोजी त्याचा नामकरण समारंभ झाला. म्हणजे हिरवा रंग हा त्याच्या कामाचा नव्हे, मानाचा आहे. तरीही योगायोगाने त्याच्या वाट्याला प्रवासी गाड्याही आल्या. कार्डिफच्या कँटन शेडमध्ये असताना १९६० मध्ये त्याने दक्षिण वेल्समधून लंडनला जाणाऱ्या ‘रेड ड्रॅगन’ या जलद गाडीवर काम केले, आणि सप्टेंबर १९६२ मध्ये सॉमरसेट अँड डॉर्सेट मार्गावरून धावलेली शेवटची ‘पाइन्स एक्सप्रेस’ही त्याच्याच मागे होती. या मार्गावर मेंडिप डोंगर ओलांडावे लागत, उन्हाळ्यात सुट्टीच्या गाड्यांना गर्दी असे आणि एरवी दोन इंजिने लावावी लागत. म्हणून १९६० पासून काही ९एफ तिथे पाठवली होती. डबे वाफेने गरम ठेवण्याची सोय या इंजिनांत नव्हती, त्यामुळे हिवाळ्यात त्यांचा प्रवासी गाड्यांना उपयोग नसे.

या इंजिनाच्या वेगाचाही एक प्रसिद्ध किस्सा आहे. ऑगस्ट १९५८ मध्ये ९२१८४ या इंजिनाने पूर्व किनारी मार्गावर स्टोक उतारावर प्रवासी गाडीसह ताशी ९० मैलांचा वेग गाठल्याची नोंद झाली. ५ फुटी चाकांसाठी याचा अर्थ दर सेकंदाला ८ पेक्षा जास्त फेरे. इंजिनाच्या दांड्यांवर पडणारा ताण लक्षात घेऊन अधिकाऱ्यांनी हा उत्साह लवकरच आवरला. मालगाडीसाठी बांधलेले इंजिन असे धावू शकते, याचे श्रेय चांगल्या तोलाला आणि मोकळ्या वाफमार्गांना द्यावे लागेल; परंतु ते त्याचे खरे काम नव्हते.

खरे काम कोणते, ते तीन ठिकाणी उत्तम दिसते.

पहिले ठिकाण इंग्लंडच्या ईशान्येला, टाइन डॉक ते कॉन्सेट. कॉन्सेटचा पोलाद कारखाना समुद्रकिनाऱ्यापासून आत, सुमारे हजार फूट उंचीवर होता आणि त्याला लागणारे परदेशी लोहखनिज बोटीने टाइन डॉकला उतरे. तिथून वर चढताना काही भागात दर ३५ फुटांना १ फूट असा चढ होता. आपल्या खंडाळ्याच्या घाटात १:३७ चढ आहे आणि कर्जतला गाडीमागे बँकर (मागून ढकलणारी जादा इंजिने) लागतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला या चढाची कल्पना वेगळी सांगायला नको. आता हिशेब करून पाहा. खनिजाने भरलेल्या आठ-नऊ बोगी वाघिणींचे वजन ७०० टनांच्या वर जाई. १:३५ च्या चढावर ७०० टनांना नुसते मागे घसरू न देण्यासाठीच २० टनांचा जोर लागतो, आणि ९एफची सर्वाधिक ओढशक्ती ३९,६६७ पौंड, म्हणजे पावणेअठरा टनांच्या आत. एका इंजिनाला हे काम शक्यच नव्हते. दोन इंजिनांची ओढ साडेपस्तीस टनांच्या आसपास होते, तर इंजिनांचे स्वतःचे वजन धरून लागणारा जोर २८ टनांच्या घरात जातो. उरलेला फरक घर्षणासाठी आणि पावसाळी रुळांसाठी. म्हणून एक ९एफ पुढे आणि एक मागे, अशी ही गाडी चालत असे.

या कामासाठी दहा इंजिने, ९२०६० ते ९२०६६ आणि ९२०९७ ते ९२०९९, खास सज्ज केली होती. वाघिणींची दारे दाबाखालच्या हवेने उघडत, आणि ती हवा पुरवण्यासाठी या इंजिनांच्या उजव्या बाजूच्या फळीवर दोन हवापंप बसवलेले होते. कॉन्सेटला गाडी खनिजाच्या हौदावर उभी राहिली की, सगळ्या वाघिणी एकदम रिकाम्या होत. १९६६ मध्ये वाफेच्या इंजिनांचे हे काम संपले. ज्यांना चढाची मालगाडी दाखवायची आहे त्यांच्यासाठी प्रतिकृतींच्या जगात याहून उत्तम विषय मला माहीत नाही. परंतु आपल्या इंजिनासाठी तो योग्य नाही. त्या दहा इंजिनांना एकेरी धुराडे आणि वेगळ्या प्रकारचा, ४,७२५ गॅलन पाण्याचा टेंडर होता. आपल्या ९२२२० ला दुहेरी, लांबट धुराडे आणि ५,००० गॅलनचा टेंडर आहे. नुसता क्रमांक बदलून हवापंप नसलेले ‘९२०६०’ तयार केले, तर जाणकाराला ते लांबूनच खटकेल.

दुसरे ठिकाण नॉटिंगहॅमशायरमधील ॲन्सली आणि नॉर्थॅम्प्टनशायरमधील वुडफर्ड हॉल्स यांच्यामधला ग्रेट सेंट्रल मार्ग. येथे माल होता कोळसा, आणि त्याची खासियत वजनापेक्षा वेगात होती. ब्रिटनच्या बहुतेक कोळशाच्या वाघिणींना त्या काळी गाडीभर चालणारे ब्रेक नव्हते. वाघिणी तीन कड्यांच्या सैल साखळीने जोडलेल्या असत, आणि अख्खी गाडी थांबवण्याचे काम पुढे इंजिन व टेंडर आणि शेवटी गार्डची ब्रेकव्हॅन एवढ्यांनाच करावे लागे. मोठ्या उतारापूर्वी गाडी उभी करून काही वाघिणींचे हातब्रेक काठीने दाबून बसवावे लागत. अशा गाड्या एरवी रखडतच चालत. ॲन्सलीच्या लोकांनी १९४७ पासून मात्र ठराविक वेळापत्रकाने, एकाच पाळीत जाऊन परत येणाऱ्या जलद कोळसागाड्या चालवल्या, आणि १९५७ पासून त्यावर ९एफ आल्यानंतर पन्नासेक वाघिणींची गाडी ज्या गतीने धावू लागली ती बिगर-ब्रेकच्या मालगाडीसाठी असामान्य होती. पुढे रेल्वेशौकिनांत या गाड्यांना ‘विंडकटर’ हे नाव पडले. १९६५ मध्ये त्या बंद झाल्या. आज लेस्टरशायरमधील जतन केलेल्या ग्रेट सेंट्रल रेल्वेवर १६ टनी पोलादी वाघिणींची एक मोठी रांग मुद्दाम वाचवून ठेवलेली आहे, ती याच गाड्यांच्या आठवणीसाठी.

तिसरे ठिकाण दक्षिण वेल्स आणि पश्चिम विभाग, आणि आपल्या दृष्टीने हेच महत्त्वाचे. १९५४ मध्ये अगदी पहिली ९एफ न्यूपोर्टच्या एबव्ह जंक्शन शेडला गेली, ती न्यूपोर्टच्या गोदीतून एबव्ह व्हेलच्या पोलाद कारखान्याकडे दरीतून वर जाणाऱ्या लोहखनिजाच्या गाड्यांसाठी. सुरुवातीला रेग्युलेटर (वाफ सोडण्याची झडप) अडकण्याच्या आणि चाके घसरण्याच्या तक्रारी आल्या, त्या सुधारल्या गेल्या. वर्गातली शेवटी बांधलेली इंजिने दुहेरी धुराड्याची होती. यातली काही पुढे दक्षिणेला ईस्टली शेडला गेली आणि फॉली येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातून बर्मिंगहॅमजवळच्या ब्रॉमफर्ड ब्रिजकडे जाणाऱ्या टँकर गाड्या त्यांनी ओढल्या. आपले धुराडे आणि आपला टेंडर या गटाशी तंतोतंत जुळतात. क्रमांक बदलायचाच असेल तर येथलाच निवडावा, उदाहरणार्थ ९२२०५ किंवा ९२२३१.

या वर्गातल्या दोन विक्षिप्त प्रकारांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९५५ मधील दहा इंजिनांना, ९२०२० ते ९२०२९, इटालियन पद्धतीचा फ्रँको-क्रॉस्टी बॉयलर होता: मुख्य बॉयलरखाली दुसरे नळकांडे, त्यातून धूर मागे फिरवून बॉयलरमध्ये जाणारे पाणी आधीच तापवायचे आणि मग उजव्या बाजूच्या धुराड्यातून धूर सोडायचा. पुढचे धुराडे केवळ इंजिन पेटवताना वापरायचे. कोळशाची अपेक्षित बचत झाली नाही, थंड झालेल्या धुरातल्या गंधकाच्या आम्लाने नळकांडी खाल्ली, आणि चालकांच्या डोळ्यांत धूर गेला तो वेगळाच. अखेर खालचे नळकांडे बंद करून ही इंजिने साध्या पद्धतीने चालवली गेली. दुसरा प्रकार ९२१६५ ते ९२१६७ या तिघांचा. त्यांना भट्टीत कोळसा टाकण्यासाठी यांत्रिक व्यवस्था होती, बर्मिंगहॅम ते कार्लाइल अशा लांब पल्ल्याच्या मालगाड्यांसाठी. चाळीस चौरस फुटांच्या जाळीवर फावड्याने कोळसा टाकत राहणे हे किती कष्टाचे काम असेल, याची कल्पना यावरून येते. तरी उरलेल्या २४८ इंजिनांवर फायरमनने ते हातानेच केले.

लिकी चढावरचे ९२०७९ हेही विसरू नये. ब्रॉम्सग्रोव्हजवळचा हा चढ १:३७.७, म्हणजे भोर घाटाशी जवळजवळ बरोबरी करणारा. तिथे १९५६ पर्यंत ‘बिग बर्था’ नावाचे दहा चाकांचेच एक जुने बँकर इंजिन होते; ते निवृत्त झाल्यावर ही जागा ९२०७९ ने घेतली आणि रात्री पुढच्या गाडीला अलगद जाऊन टेकण्यासाठी लागणारा जुन्या इंजिनाचा मोठा दिवाही त्याने उचलला.

आता आपल्या फळीकडे येऊ. माझा सल्ला असा की, हिरवे इंजिन हिरवेच ठेवावे. ते पूर्ण काळे रंगवून, नावाच्या पाट्या काढून, धुराड्याची तांब्याची कडा झाकून दुसरा क्रमांक देणे शक्य आहे, पण जुन्या रंगाच्या रेघा नीट घासून काढल्या नाहीत तर काळ्या रंगाखालून त्या उठून दिसतात, आणि एवढा खटाटोप करण्यापेक्षा वापरलेले काळे ९एफ घेणे बरे पडते. त्यातही एक वाट आहे. ‘इव्हनिंग स्टार’ने १९६० नंतर सामान्य मालगाड्याही ओढल्याच, आणि कामावरची इंजिने रोज कोणी पुसत बसत नसे. म्हणून चाके, चौकट आणि टेंडरच्या खालच्या भागावर फिकट तपकिरी-करड्या रंगाचा पातळ हात, बॉयलरच्या वर काजळी, आणि पाण्याच्या झाकणांजवळ पांढुरकी चुन्याची ओघळ एवढे केले, तरी हिरवे इंजिन मालगाडीपुढे विसंगत दिसत नाही. आपले इंजिन संग्राहकांच्या मोलाचे, मूळ खोक्यासह असेल तर मात्र त्याला रंग लावू नये.

मागे लावण्यासाठी सर्वांत सोपी आणि ऐतिहासिकदृष्ट्या सर्वांत निर्धोक निवड म्हणजे करड्या रंगाच्या १६ टनी पोलादी कोळसा वाघिणी. या लाखोंनी बांधल्या गेल्या आणि देशभर फिरल्या, त्यामुळे कोणत्याही शेडच्या इंजिनामागे त्या चालतात. काहींना गंजाचे डाग, एखाद्या-दुसऱ्या पट्टीवर नवा रंग, असे वैविध्य ठेवावे. एकसारख्या नव्याकोऱ्या वाघिणींची रांग डोळ्यांना लगेच खोटी वाटते. लोहखनिजाची गाडी करायची असेल तर वाघिणी आकाराने लहान आणि बुटक्या घ्याव्यात, कारण खनिज कोळशापेक्षा पुष्कळ जड असते आणि थोड्या जागेतच वाघिणीची क्षमता संपते. कोळसा काठोकाठ भरलेला आणि खनिज तळाशी लालसर ढिगासारखे, हा फरक दाखवला की अर्धे काम झाले. फॉलीची टँकर गाडी करायची असेल तर पेट्रोलसाठी रुपेरी-करडे आणि जड तेलासाठी काळे टँकर येतात, आणि पेट्रोलचे टँकर असतील तर वाफेचे इंजिन व पहिला टँकर यांच्यामध्ये एखादी रिकामी साधी वाघिण सुरक्षेसाठी जोडावी. इंजिनाच्या ठिणग्यांपासून अंतर ठेवण्याची ती पद्धत होती. ब्रेकव्हॅन मात्र गाडी कोणतीही असो, शेवटी असलीच पाहिजे. १९६५ च्या आधीच्या ब्रिटिश मालगाडीत ती नसणे म्हणजे गार्डशिवाय गाडी सोडणे.

काळाचे भान येथे ठेवावे. ९२२२० मार्च १९६० मध्ये कामाला लागले आणि मार्च १९६५ मध्ये, अवघ्या पाच वर्षांत, निवृत्त झाले. वाघिणींवर किंवा डब्यांवर १९६५ नंतरची ब्रिटिश रेल्वेची दुहेरी बाणांची खूण असेल, तर त्या या इंजिनाबरोबर कधीच चालल्या नाहीत. १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने डिझेल आणि विजेकडे वळण्याचा निर्णय घेतला होता आणि तरीही पाच वर्षे हीच इंजिने बांधली जात होती, ही त्या धोरणातली विसंगती इतिहासकार अजून चघळत असतात. वर्गातली शेवटची इंजिने जून १९६८ मध्ये निघाली. एकूण नऊ जतन झाली आहेत. त्यांतले ९२२०३ वन्यजीव-चित्रकार डेव्हिड शेपर्ड यांनी विकत घेऊन ‘ब्लॅक प्रिन्स’ असे नाव दिले आणि १९८२ मध्ये सॉमरसेटमधील एका दगडखाणीत त्याने २,१०० टनांहून अधिक वजनाची गाडी हलवून दाखवली.

वाघिणी किती, याचे उत्तर फळीच देते. टेंडरसह ९एफची लांबी या मापात सुमारे २६५ मिलिमीटर होते, आणि १६ टनी वाघिण जोडणीसह ८० मिलिमीटरच्या आसपास. ५०५ मिलिमीटर त्रिज्येचा लंबगोल आपल्या फळीवर बसवला तर एकूण रूळ सुमारे ५.७ मीटर होतात. वीस वाघिणी, ब्रेकव्हॅन आणि इंजिन मिळून दोन मीटरची गाडी म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त मार्ग तिनेच व्यापला, आणि इंजिन स्वतःच्याच शेपटीचा पाठलाग करताना दिसू लागते. बारा ते चौदा वाघिणी पुरेत. वेगाविषयीही लोक घाई करतात. ताशी ३० मैल हा कोळशाच्या गाडीचा चांगला वेग. या मापात तो सेकंदाला साधारण १७.५ सेंटिमीटर होतो, म्हणजे आपल्या लंबगोलाच्या एका फेरीला ३२ सेकंद लागले पाहिजेत. ११ सेकंदांत फेरी होत असेल तर आपली कोळसागाडी ताशी ९० मैलांनी धावते आहे. मनगटावरचे घड्याळ लावून एकदा तपासावे.

राहिला घसरण्याचा प्रश्न. प्रथम मोटर कुठे आहे ते पाहा. ‘इव्हनिंग स्टार’ची प्रतिकृती ट्रायँग-हॉर्नबीने १९७१ मध्ये काढली तेव्हा मोटर टेंडरमध्ये होती, आणि पुढेही बरीच वर्षे ही रचना चालू राहिली. अशा प्रतिकृतीत इंजिन ओढत नाही. टेंडर त्याला मागून ढकलतो आणि दहाही चाके नुसती रुळावर फिरतात. टेंडरच्या काही चाकांवर रबरी कडी असतात. ती जुनी होऊन कडक किंवा सैल झाली की पकड जाते, आणि ती बदलणे स्वस्तातले काम आहे. इंजिनाच्या दांड्यांतले जुने तेल चिकट झाले असेल तर चाके फिरण्याऐवजी फरफटतात आणि ते ओझेही टेंडरवर येते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते काढून, प्लॅस्टिकला चालणारे पातळ तेल सुईच्या टोकाने एक-एक थेंब द्यावे. रबरी कड्यांना ते लागू देऊ नये. मोटर इंजिनातच असलेली अलीकडची प्रतिकृती असेल, तर बॉयलरच्या पोकळीत शिशाचा तुकडा बसवून वजन वाढवता येते, पण ते जोडचाकांच्या मध्यावर पडेल असे पाहावे. पुढे जास्त झाले तर मागची चाके हलकी होतात.

मग वाघिणी तपासा. प्रत्येक वाघिण सुटी करून किंचित उतारावर सोडा. जी स्वतःहून घरंगळत नाही, तिचा आस वाकडा आहे किंवा चाकात केस-धागे गुंडाळले आहेत. चौदातल्या दोन अशा निघाल्या तरी इंजिनाला त्या बाकीच्या सगळ्यांइतक्या जड पडतात. रूळ स्वच्छ ठेवा. आपल्याकडे पावसाळ्याच्या दमट हवेत, विशेषतः किनारपट्टीवर, त्यांवर काळपट थर लवकर चढतो आणि विजेचा संपर्क तुटून इंजिन धक्के खात चालते, ते घसरल्यासारखेच भासते.

चढ शक्यतो टाळा. १:३५ च्या चढावर एक किलो वजनाच्या गाडीला चढाचाच २९ ग्रॅमचा जादा जोर लागतो, आणि वळणातले घर्षण त्यावर. शिवाय एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी ७५ मिलिमीटर उंची गाठायची, तर १:४० ने ३ मीटर लांबी हवी आणि उतरायला तेवढीच, ५.७ मीटरच्या लंबगोलात ती बसत नाही. चढाची हौस असेलच, तर फळीच्या एका बाजूला १:१०० चा लांब, जेमतेम जाणवणारा चढ द्यावा आणि तो वळणावर न येता सरळ भागात येईल असे पाहावे. दुसरे ९एफ हाती आले तर ते मागे बँकर म्हणून लावण्यापूर्वी दोन्ही इंजिने सुटी, एकाच व्होल्टेजवर, एकामागे एक चालवून त्यांचा वेग जुळतो का ते बघावे. वेग जुळत नसेल तर मागचे इंजिन मधल्या हलक्या वाघिणी वळणात रुळाबाहेर ढकलते.